बार म्हणतो हरलास, पण समोर माणूस बसलाय

२८ जुलै, सोमवार. शाहूपुरीतल्या आमच्या छोट्या ऑफिसात लॅपटॉपच्या अर्ध्या स्क्रीनवर कोड होता आणि अर्ध्या स्क्रीनवर जॉर्जियातलं बातुमी. महिला विश्वचषकाचा अंतिम सामना क्लासिकलचे दोन्ही डाव बरोबरीत सुटल्यामुळे टायब्रेकवर आला होता. एका बाजूला कोनेरू हंपी, जी २००२ मध्ये ग्रँडमास्टर झाली. दुसऱ्या बाजूला नागपूरची दिव्या देशमुख, जी त्यानंतर तीन वर्षांनी जन्माला आली. पहिला रॅपिड डाव बरोबरीत सुटला होता. दुसऱ्यात दिव्याकडे काळी मोहरी होती आणि हंपीचं घड्याळ संपत चाललं होतं.

माझा मावसभाऊ अकरावीला आहे. क्लास सुटला की घरी जायच्या आधी माझ्याकडे डोकावतो, वायफायसाठी. तो शेजारी येऊन बसला आणि बघायला लागला. थोड्या वेळाने माझ्या लक्षात आलं की तो पट बघतच नाहीये. त्याची नजर पटाच्या बाजूच्या काळ्या-पांढऱ्या पट्टीवर होती. तोच तो इव्हॅल्युएशन बार. पट्टी खाली गेली की ‘गेली, गेली’, वर आली की ‘आली, आली’. क्रिकेटमध्ये फक्त विन प्रेडिक्टर बघत बसावं आणि बॉल बघूच नये, तसं.

दिव्या जिंकली. दीड विरुद्ध अर्धा. पंधरावं मानांकन असलेली १९ वर्षांची मुलगी विश्वचषक विजेती झाली आणि एकही नॉर्म हातात नसताना थेट ग्रँडमास्टर झाली, भारताची ८८ वी. आम्ही खाली जाऊन चहा प्यायलो. भावाने फोन काढून तीन मिनिटांचा ब्लिट्झ डाव लावला, बाराव्या चालीला एक घोडा फुकट घालवला आणि त्याच क्षणी रिझाइन केलं.

मी म्हटलं, ‘अरे, अजून दोन मिनिटं आहेत की तुझ्याकडे.’

‘घोडा गेला दादा. मायनस चार तरी असणार. काय ऱ्हायलंय आता त्यात?’

या लेखाचं कारण ते ‘काय ऱ्हायलंय त्यात’ आहे. कारण त्याच्याआधी दोनच महिन्यांपूर्वी जगातल्या सर्वांत तगड्या खेळाडूविरुद्ध, ‘काय राहिलंय त्यात’ अशा अवस्थेतून आपल्याच देशाच्या एका पोराने पूर्ण गुण काढला होता. भावाने तो व्हिडिओ बघितलेला होता. टेबलावर आपटलेली मूठ त्याला पाठ होती. पण ती मूठ का आपटली गेली, हे त्या पट्टीने त्याला सांगितलं नव्हतं.

स्टॅव्हेंजरची ती रात्र

१ जून २०२५, नॉर्वे चेस, सहावी फेरी. गुकेश पांढऱ्या मोहऱ्यांनी, मॅग्नस कार्लसन काळ्या. याच स्पर्धेच्या पहिल्या फेरीत कार्लसनने गुकेशला हरवलं होतं आणि या डावातही तेच होणार असं दिसत होतं. मधल्या डावापासून कार्लसन वरचढ होता, आणि थोडाथोडका नाही. इंजिनच्या भाषेत जिंकलेलाच. गुकेशने मान टाकली नाही. तो प्रत्येक चालीला कार्लसनसमोर काहीतरी नवीन ठेवत राहिला: एखादा शह, एखादं पुढे सरकलेलं प्यादं, एखादा धोका ज्याची नोंद घ्यावीच लागेल.

आता घड्याळाचा हिशोब बघा. या स्पर्धेत प्रत्येकाला पूर्ण डावासाठी १२० मिनिटं होती आणि ४० चाली झाल्यानंतरच प्रत्येक चालीला १० सेकंद जादा मिळायचे. म्हणजे वेळ संपवून बसलेल्या माणसाला उरलेला सगळा डाव जवळपास दहा दहा सेकंदांत खेळायचा. ५२ व्या चालीला कार्लसनने घोड्याने शह दिला. साधा, हाताला सहज येणारा शह. तीच चूक. जिंकलेला डाव त्या एका चालीत फिरला, दहा चालींनी संपला, आणि टेबलावर मूठ पडली. गुकेशचा कार्लसनविरुद्धचा क्लासिकलमधला हा पहिला विजय. शंभरातले नव्व्याण्णव वेळा मी हा डाव हरलो असतो, अशा अर्थाचं तो नंतर बोलला.

पोरगं नम्र आहे, ठीक आहे. पण इंजिनियर म्हणून मला त्या शंभराव्या वेळेत रस आहे. तो निव्वळ लॉटरीचा आकडा होता, की गुकेश जे करत होता त्याने तो आकडा वाढत होता?

याला चकवाच म्हणूया

इंग्रजीत याला स्विंडल म्हणतात. शब्दकोशात बघितलं तर ‘फसवणूक’ असा अर्थ मिळेल, पण बुद्धिबळात त्यात बेइमानी काही नाही. सगळं पटावर, सगळं नियमात, समोरच्याच्या डोळ्यांदेखत. आपल्याकडे त्यासाठी झकास शब्द आहे: चकवा. रात्री शेतातून येताना माणसाला चकवा लागतो म्हणतात, म्हणजे वाट ओळखीचीच असते पण तो फिरून फिरून तिथेच येतो. बुद्धिबळातला चकवाही तसाच. जिंकणाऱ्याला वाट माहीत असते, आणि तरी चुकते.

ही कला जुनी आहे. अमेरिकेचा फ्रँक मार्शल यासाठी इतका नावाजलेला होता की १९१४ मध्ये त्याच्या असल्या डावांचं पुस्तकच ‘मार्शल्स चेस स्विंडल्स’ या नावाने निघालं. आणि ज्याला ‘शतकातला स्विंडल’ म्हणतात तो डाव १९६३-६४ च्या अमेरिकन अजिंक्यपद स्पर्धेतला. ही तीच स्पर्धा, जिथे बॉबी फिशरने अकरापैकी अकरा गुण घेतले. त्या गडबडीत लॅरी इव्हान्स आणि सॅम्युअल रेशेव्हस्की यांचा एक डाव चालू होता आणि इव्हान्स सपशेल हरत होता. त्याने आपलं एच पट्टीतलं प्यादं पुढे ढकललं, राजा कोपऱ्यात नेऊन ठेवला आणि वाट बघितली. रेशेव्हस्कीच्या वजिराने समोरचं प्यादं खाल्लं. मग इव्हान्सने आधी वजीर फुकट दिला, आणि पुढच्या चालीला हत्ती. वजीर खावाच लागला. हत्ती खाल्ला तर इव्हान्सला एकही कायदेशीर चाल उरत नव्हती, आणि राजाला शह नाही. म्हणजे स्टेलमेट, म्हणजे बरोबरी. नाही खाल्ला तर तो हत्ती जन्मभर शह देत फिरणार. हातात आलेला पूर्ण गुण अर्ध्यावर आला.

कोल्हापूरच्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको. मातीतल्या कुस्तीत खाली सापडलेला पैलवान हरलेला नसतो. पाठ लागेपर्यंत कुस्ती संपत नाही, आणि वरच्याला घाई झाली की खालून डाव बसतो. खासबागेत हे बघून टाळ्या वाजवणारी माणसं बुद्धिबळात मात्र एक घोडा गेला की उठून जातात, याचं मला नवल वाटतं.

त्या पट्टीतला आकडा नक्की काय सांगतो

आता आपल्या मुख्य मुद्द्याकडे. स्टॉकफिशसारखं इंजिन ‘मायनस पाच’ म्हणतं तेव्हा ते काय म्हणत असतं?

पूर्वी उत्तर सोपं होतं: पाच प्याद्यांएवढं मागे. प्यादं एक, घोडा आणि उंट तीन-तीन, हत्ती पाच, वजीर नऊ. पण २०२० पासून स्टॉकफिशमध्ये न्यूरल नेटवर्क आलं आणि आकड्याचं प्याद्यांशी असलेलं थेट नातं सैल झालं. २०२२ च्या शेवटी आलेल्या १५.१ आवृत्तीपासून त्यांनी आकड्याची मोजपट्टीच नव्याने आखली. ‘प्लस एक’ म्हणजे स्टॉकफिश स्वतःच्याच विरुद्ध खेळला तर ही स्थिती जिंकण्याची शक्यता ५० टक्के.

हे वाक्य परत वाचा. स्वतःच्याच विरुद्ध. म्हणजे त्या पट्टीच्या जगात समोर कार्लसन नाही, तुमचा रूम पार्टनर नाही, बसमध्ये डुलक्या घेत खेळणारा कोणी अनोळखी माणूस तर नाहीच. समोर एक यंत्र आहे, जे दमत नाही, घाबरत नाही आणि ज्याच्या घड्याळात सात सेकंद राहिले तरी त्याचे हात थरथरत नाहीत. अशा प्रतिस्पर्ध्यासमोर मायनस पाच म्हणजे खेळ खल्लास. पण तुमच्यासमोर तो प्रतिस्पर्धी कधीच नसतो (आणि असला तर त्याचं खातं लवकरच बंद होतं).

लिचेसने म्हणून वेगळी गोष्ट केली. डाव संपल्यावर ते जो ‘अचूकता’ टक्का दाखवतात, त्याच्यामागे एक सूत्र आहे जे इंजिनच्या आकड्याचं रूपांतर माणसाच्या शक्यतेत करतं. ते खऱ्या माणसांच्या डावांवरून बसवलेलं आहे आणि उघड आहे, कोणीही वापरू शकतं. मी दोन ओळींचा कोड लिहून आकडे काढले. मायनस तीनला साधारण २५ टक्के. मायनस पाचला १४. मायनस आठला ५. अगदी मायनस दहालासुद्धा शून्य नाही, अडीच टक्क्यांच्या आसपास. बरोबरीचा अर्धा गुण धरून ही अपेक्षित कमाई आहे असं समजा.

म्हणजे भावाच्या ‘मायनस चार’ला सूत्राप्रमाणे जवळपास १९ टक्के होते. असे शंभर डाव तो शेवटपर्यंत खेळला तर सरासरी १९ गुण. असे शंभर डाव त्याने रिझाइन केले तर शून्य, आणि हे शून्य मात्र शंभर टक्के खात्रीचं. शिवाय हे सूत्र बऱ्यापैकी तगड्या खेळाडूंच्या डावांवरून आलंय. हजार-बाराशे रेटिंगच्या ब्लिट्झमध्ये दोघेही दर पाच-सात चालींनी काहीतरी फुकट घालवतात, तिथे पट्टी खरं तर झोपाळाच असते.

पट्टी खोटं बोलत नाही, एवढं लक्षात ठेवा. ती वेगळ्याच प्रश्नाचं उत्तर देते. ‘ही स्थिती परिपूर्ण खेळात कशी आहे?’ या प्रश्नाचं. तुमचा प्रश्न असतो, ‘या माणसाला, एवढ्या वेळात, इथून जिंकणं किती अवघड आहे?’ आणि या प्रश्नाचं उत्तर एका आकड्यात मावत नाही. दोन्ही स्थिती मायनस पाचच असू शकतात. एकीत जिंकायला डोळे मिटून कोणतीही चाल चालते. दुसरीत जिंकणारी चाल एकच आहे आणि बाकीच्या सगळ्यांनी डाव हातचा जातो. पट्टी दोन्हीकडे सारखीच दिसते. चकवा त्या दुसऱ्या प्रकारच्या जागेत राहतो, आणि हरणाऱ्याचं काम एकच: डाव पहिल्या प्रकारातून दुसऱ्या प्रकारात ढकलायचा.

पट मांडा, हे करून बघा

माझाच एक डाव सांगतो. तीन मिनिटांचा ब्लिट्झ, मी पांढरा. घरचा जुना लाकडी पट असेल तर काढा, नाहीतर फोनवर बोर्ड एडिटर उघडा.

पांढरा: राजा एच२, हत्ती ई७, प्यादं एच४. काळा: राजा जी८, वजीर बी८, प्यादं एच५. वजिराचा माझ्या राजाला शह आहे आणि चाल माझी.

वजीर विरुद्ध हत्ती, म्हणजे सरळ हरलेला डाव. पटावर सहाच मोहरी आहेत. सात मोहऱ्यांपर्यंतच्या सगळ्या स्थिती टेबलबेस नावाच्या भल्यामोठ्या डेटाबेसमध्ये आधीच सोडवून ठेवलेल्या आहेत, म्हणजे इथे ‘मत’ वगैरे भानगड नाही. वजीरवाला जिंकतो. त्याच्याकडे ११ सेकंद होते, माझ्याकडे जरा जास्त.

मी राजा एच१ ला नेला. कोपऱ्यात, जिथे शहाणा माणूस नेणार नाही. का, ते बघा. माझं एकमेव प्यादं त्याच्या प्याद्यासमोर अडकलंय, त्याला चाल नाही. राजाला कोपऱ्यात हलायला तीनच घरं: जी१, जी२, एच२. त्याचा वजीर जी३ ला आला तर ही तिन्ही घरं बंद होतात, पण राजाला शह लागत नाही. मग माझ्याकडे हलवण्यासारखा राहतो फक्त हत्ती. हत्ती मेला की स्टेलमेट.

आणि वजीर जी३ ला यावा असं त्याला वाटायला सज्जड कारण होतं. तिथून पुढच्या चालीला एच४ चं प्यादं शहासकट खायचं आणि त्याच दमात ई७ च्या हत्तीवरही हल्ला. दिसायला इतकी गोड चाल की अकरा सेकंदांत दुसरी सुचणंच कठीण. तो जी३ ला आला.

मी हत्ती ई८ ला, शह. आता त्याची घरं मोजा. राजा जी७ ला गेला तर मी हत्ती जी८ ला देतो. खाल्ला तर स्टेलमेट, राजा बाजूला झाला तर मागे वजीर उघडा पडतो आणि मी तो खातो. म्हणजे तो चक्क हरतो! एच७ ला गेला तर हत्ती एच८, तिथेही खाल्ला तर स्टेलमेट आणि जी पट्टीत आला तर पुन्हा तोच वजिराचा घात. उरलं एफ७. तिथे गेला. मी हत्ती ई७ ला, परत शह, राजाच्या अगदी तोंडासमोर. त्याला जिंकायचा प्रयत्न करायचाच असता तर राजा एफ६, मग एफ५ असं करत मोकळ्या मैदानात चालवत न्यायला हवा होता, आणि वाटेत प्रत्येक चालीला समोर येऊन उभा राहणारा फुकटचा हत्ती खायचा नाही, असा उपास धरायला हवा होता.

त्याने खाल्ला. बरोबरी. चॅटमध्ये त्याने काय लिहिलं ते इथे छापण्यासारखं नाही.

त्या संध्याकाळी चहा संपल्यावर वर जाऊन मी हीच स्थिती पटावर मांडली, भावाला काळी मोहरी दिली आणि फोनवर अकरा सेकंदांचा टायमर लावला. स्टेलमेटबद्दल अवाक्षर काढलं नाही. वजीर जी३ ला आला. दुसऱ्या शहाला त्याने हत्ती उचलला, आपल्या बाजूला ठेवला आणि माझ्याकडे विजयी मुद्रेने बघितलं. मग पटाकडे बघितलं. मग बराच वेळ पटाकडेच बघितलं.

यंत्रालाही हे शिकवावं लागतं

गंमत अशी की जगातलं सर्वांत ताकदवान इंजिन चकव्याच्या बाबतीत बऱ्यापैकी ढ आहे. स्टॉकफिश गृहीत धरतो की समोरचाही सर्वोत्तम चाल खेळणार. त्यामुळे हरलेल्या डावात तो सापळा लावत बसत नाही. सापळा समोरच्याला दिसणारच आहे, मग फायदा काय? तो फक्त मात लांबवतो. कधी कधी तर आठ चालींत होणारी मात अकरा चालींवर ढकलण्यासाठी एकामागून एक मोहरी फुकट देत सुटतो, जे माणसासमोर करणं म्हणजे निव्वळ वेडेपणा. तुम्ही त्याच्या शिफारशींवरून हरलेला डाव कसा वाचवायचा ते शिकायला गेलात, तर चुकीच्या मास्तरकडे गेलात.

दुसरीकडे मायासारखं इंजिन आहे. टोरंटो आणि कॉर्नेल विद्यापीठांतल्या आणि मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी २०२० मध्ये ते आणलं. त्याचं ध्येयच उलटं: सर्वोत्तम चाल शोधायची नाही, तर अमुक रेटिंगचा माणूस इथे काय खेळेल ते ओळखायचं. शिक्षण झालं लिचेसवरच्या माणसांच्या लाखो डावांवर. ११०० च्या माणसाचं वेगळं मॉडेल, १९०० च्या माणसाचं वेगळं. माणसाच्या चुका म्हणजे नुसता गोंगाट नसतो, त्यांना आकार असतो, हे त्यातून दिसतं. आणि ज्याला आकार असतो त्याचा अंदाज बांधता येतो.

आणखी पुढची पायरी म्हणजे लीला या इंजिनाचे ‘ऑड्स’ बॉट. लिचेसवर लीलाक्वीनऑड्स नावाचा बॉट आहे. तो सुरुवातच वजिराशिवाय करतो! पहिल्या चालीपासून पट्टी त्याला हरलेलं दाखवते. आणि तरी ब्लिट्झमध्ये तो चांगल्या चांगल्यांना लोळवतो. कारण तो ‘समोरचा परिपूर्ण आहे’ हे गृहीतक सोडून देतो. मोहऱ्यांची अदलाबदल टाळतो, पट गुंतागुंतीचा ठेवतो, साध्या वाटा बंद करतो आणि तुम्हाला दर चालीला निर्णय घ्यायला लावतो. एकदा त्याच्याशी खेळून बघा. वजीर जास्त असूनही दहाव्या मिनिटाला घाम फुटतो, आणि जिंकणाऱ्याच्या खुर्चीत बसून चकवा कसा लागतो ते आतून कळतं.

डेव्हिड स्मर्डन हा ऑस्ट्रेलियन ग्रँडमास्टर पेशाने वर्तन-अर्थशास्त्रज्ञ आहे आणि त्याने २०२० मध्ये या विषयावर अख्खं पुस्तक लिहिलंय. अर्थशास्त्रज्ञाने लिहावं हे मला फार योग्य वाटतं, कारण प्रश्न शेवटी माणसाच्या मनाचाच आहे. जिंकत असलेल्या माणसाला वाटतं की काम झालं. तो घाई करतो, किंवा उलट अति जपून खेळतो. त्याला तुम्ही अजून रिझाइन का करत नाही याचा राग यायला लागतो, आणि रागावलेला माणूस मोजत नाही. हरणाऱ्याच्या डोक्यावर यातलं कोणतंच ओझं नसतं. त्याचं जे जायचं ते गेलेलं आहे.

म्हणून खेळताना प्रश्न बदलायचा. ‘माझी सर्वांत चांगली चाल कोणती?’ हा प्रश्न बरोबरीच्या डावात. हरलेल्या डावात विचारायचं, ‘याला आत्ता काय खेळावंसं वाटतंय, आणि ते चुकीचं कसं ठरेल?’ माझ्या डावात त्याला वजीर जी३ ला आणावासा वाटत होता. मी फक्त दार उघडं ठेवलं.

दिव्याच्या विश्वचषकातली दुसरी बाजू

बातुमीबद्दल सगळीकडे अंतिम सामन्याचं लिहून आलं, पण मला उपांत्य सामना जास्त शिकवून गेला. समोर चीनची तान झोंगयी, माजी जगज्जेती. दुसरा डाव १०१ चालींचा झाला. दिव्या जिंकण्याच्या स्थितीत होती, मग मध्येच पकड सुटली, तानने इतकं चिवट झुंजवलं की डाव बरोबरीकडे चालला होता, आणि शेवटी पुन्हा दिव्याकडे आला. आपण मध्ये गडबड केली आणि शेवटी नशिबाने साथ दिली, अशा अर्थाचं तिने स्वतःच सांगितलं. म्हणजे आपली नवी विश्वचषक विजेती त्या दिवशी चकवा लावणारी नव्हती, चकव्यातून जेमतेम बाहेर पडलेली होती. वाट चुकल्याचं कळल्यावर ती तिथेच बसली नाही, शंभराव्या चालीपर्यंत नवी वाट शोधत राहिली, हे मला त्या डावातलं सर्वांत मोठं वाटतं.

अंतिम फेरीतही निर्णय झाला तो घड्याळामुळे. हंपीसारखी रॅपिडमधली दोन वेळची जगज्जेती शेवटच्या टप्प्यात सेकंदांवर आली आणि चुकली. पट्टीला घड्याळ दिसत नाही. तिच्या आकड्यात ‘हंपीकडे किती सेकंद उरलेत’ हा रकानाच नाही.

आता थोडं दुसऱ्या बाजूनेही बोलतो, नाहीतर वाटेल मी प्रत्येक डाव मात होईपर्यंत ताणायला सांगतोय. मायनस पाचचे १४ टक्के म्हणजे उरलेले ८६ टक्के समोरच्याचेच आहेत. बहुतेक हरलेले डाव हरलेलेच असतात. स्पर्धेत समोर तगडा खेळाडू असेल, त्याच्याकडे अर्धा तास असेल आणि पटावर फक्त एक सरळ रेषेत पळणारं प्यादं असेल, तर हात पुढे करणं हेच बरं. आणि ऑनलाइन चाल न खेळता घड्याळ संपेपर्यंत नुसतं बसून राहणं, समोरचा कंटाळून निघून जाईल म्हणून, याला चकवा म्हणत नाहीत. तो रडीचा डाव.

पण माझ्या भावाच्या वयाच्या, त्याच्या रेटिंगच्या पोरांनी बाराव्या चालीला उठून जाण्यात नुसते गुण जात नाहीत. मागे असताना खेळायचा सरावच मिळत नाही. कोणतंही अॅप तो वेगळा शिकवत नाही, कारण डाव संपला की अॅप पहिली गोष्ट दाखवतं ती म्हणजे कुठे चुकलास. चुकल्यानंतरच्या तीस चाली काय करायचं होतंस, हे नाही.

सरावासाठी हे करता येतं. लिचेसवर तुमचा एखादा रिझाइन केलेला डाव उघडा, ज्या चालीला सोडला तिथे थांबा आणि ‘इथून पुढे खेळा’ निवडा. इंजिन बंद, पट्टी बंद. समोर स्टॉकफिश घेऊ नका, तो वरच्या पातळीवर कधी फसणार नाही आणि खालच्या पातळीवर माणसासारखा चुकत नाही. डाव मित्राला लिंक पाठवून त्याच्याशी खेळा, नाहीतर मायाच्या बॉटशी साधे डाव लावा आणि मुद्दाम एक घोडा सुरुवातीलाच देऊन टाका. मायाची चूक माणसासारखी असते, म्हणजे तिच्यावर सापळा बसतो.

भावाने गेल्या आठवड्यात असे नऊ डाव खेळले. सात हरला, एक बरोबरीत सोडवला. नवव्यात त्याच्याकडे हत्ती कमी होता, समोरच्याचे चार सेकंद उरले होते आणि त्याने राजा कोपऱ्यात नेऊन ठेवला. स्टेलमेट काही झालं नाही, कारण त्याचं एक प्यादं हलत होतं. समोरच्याचा वेळ मात्र संपला. स्क्रीनशॉट मला रात्री पावणेबाराला आला, बरोबर एकच प्रश्न: ‘दादा, त्या प्याद्याचं काय करायला पायजे होतं?’